तोफा एकसारख्या हव्या असतील तर पितळच बरं

शिडाच्या जहाजांच्या मॉडेलवरचा लेख मनापासून आवडला. फक्त 'तोफा रेझिनमध्ये ओताव्यात, कातण्यात वेळ जातो' हे पटलं नाही. आमचं अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं लेथचं, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्राचं काम. संध्याकाळी त्याच लेथवर मी 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेच्या मॉडेलसाठी पितळी तोफा काततो.

१८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत या जहाजावर १०४ तोफा होत्या. खालच्या मजल्यावरची ३२ पौंडी (३२ पौंड वजनाचा गोळा डागणारी) तोफ साडेनऊ फूट लांब, म्हणजे १:१०० प्रमाणाच्या मॉडेलला जेमतेम २९ मिमी. तोंडाचं भोक १.६ मिमी. पहिल्या वीस नळ्या मी आधी बाहेरून कातल्या आणि मग भोक पाडायला गेलो. ड्रिल सरकलं, सगळ्या भंगारात! आता आधी भोक, मग त्यात टेलस्टॉकचं सेंटर (लेथच्या मागच्या टोकाचा अणकुचीदार आधार) टेकवून बाहेरचा उतार. तोफ गाड्यावर ज्या दोन आडव्या खुंटांवर टेकते, त्यांचं भोकसुद्धा गज सरळ असतानाच पाडून घ्यायचं, उतारावर ड्रिल ठरत नाही. आणि हे भोक मध्यरेषेच्या किंचित खाली हवं, त्या काळच्या इंग्रजी तोफांचं तसंच होतं. पितळेला टूलची, म्हणजे कातायच्या हत्याराची वरची बाजू सपाट ठेवा, ती धारेपासून मागे उतरती असेल तर टूल आत घुसतं.

एक कळकळीची विनंती, तोफा चकचकीत पिवळ्या ठेवू नका हो. मूळच्या ओतीव लोखंडाच्या, काळ्या रंगवलेल्या होत्या. रसायनाने काळ्या करण्याआधी थिनरने पुसा आणि नंतर चिमट्यानेच उचला. बोटाचं तेल लागलं की तिथे पिवळा डाग राहतोच.