तेल-लिंबानं पडतात ते पित्ताचे खडे नव्हेत

तासगावकडच्या आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी पित्ताचे सगळे खडे पडतात, ऑपरेशनात पित्ताची नळी कापली जाते, पित्ताची पिशवी काढली की पचन कायमचं बिघडतं, आणि एवढं करून खडे परत होतातच. एकेक घेतो, कारण माझ्या आत्यानं ह्यावर विश्वास ठेवून आठ दिवस घालवले.

आत्यानं ते हिरवे गोळे धुऊन लोणच्याच्या बरणीत ठेवलेले, बघ म्हणली किती निघाले. मी एक बोटानं दाबला तर मेणासारखा चपटा झाला, आणि खिडकीतल्या उन्हानं दुपारपर्यंत बरणीच्या बुडाला नुसता तेलकट थर. खरा खडा उन्हानं वितळत नाही हो. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असेच गोळे तपासलेले, २००५ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलंय, ४० अंशाला वितळले, खऱ्या खड्यात असतं ते कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम आत काहीच नाही, ७५ टक्के फॅटी अ‍ॅसिड. म्हणजे प्यालेल्या तेलाचाच पोटात साबण झालेला. आत्याच्या सोनोग्राफीत खडे जिथल्या तिथंच होते.

उलट तेल पोटात गेलं की पित्ताची पिशवी आवळते आणि बारीक खडा नळीत सरकून अडकू शकतो. आत्याचे डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगाला खाज, आणि घरात चर्चा काय तर गावठी औषध कुठलं द्यायचं! खड्यानं नळी तुंबून झालेली कावीळ औषधानं किंवा उसाच्या रसानं उतरत नाही, खडा काढावाच लागतो. त्यात थंडी वाजून ताप आला की नळीत इन्फेक्शन झालंय समजायचं आणि त्याच दिवशी ॲडमिट करायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आम्ही मिरजेला नेलं. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापलं, फुग्यानं खडा ओढून काढला, पित्त वाहतं राहावं म्हणून आत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवला, पोटावर एक टाका नाही. दुर्बिणीनं नळीचं तोंड कापून खडा काढायची ही पद्धत १९७४ पासूनची आहे.

आता ऑपरेशनात नळी कापली जाते हे. धोका आहे, तो लपवायचं कारण नाही. दुर्बिणीनं पिशवी काढताना साधारण १००० पेशंटमागं ३ ते ५ जणांच्या पित्तनळीला इजा होते, आणि नळीतला खडा काढल्यावर १०० मागं साधारण ५ जणांना स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून डॉक्टरला तुम्ही अशा किती केल्यात असं बिनधास्त विचारा. पण तुंबलेली नळी तशीच ठेवणं त्याहून कितीतरी वाईट.

पचनाचं म्हणाल तर पित्त लिव्हर बनवतं, पिशवी फक्त साठवते. काहींना थोडे दिवस पातळ होतं, बहुतेकांचं नीट चालतं.

खडे परत होतात हे अर्धं खरंय, नळीत राहिलेला किंवा नवा झालेला खडा नंतरही त्रास देऊ शकतो. पण खड्यांची पिशवी आत ठेवली तर त्यातनंच पुढचा खडा खाली येणार, म्हणून तर पिशवी लवकर काढायला सांगतात.

आणि ज्यांच्या घरात कुणाला स्टेंट आहे त्यांनी आजच कागद काढून बघा. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढावा नाहीतर बदलावा लागतो, राहिला तर तुंबतो आणि परत तीच थंडी, तोच ताप. आत्याच्या डिस्चार्जच्या कागदावर तारीखच नव्हती, फोनवर दोनदा विचारून आम्हीच कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली.