सफरचंदाच्या म्हणी म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी नव्हे

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जगातल्या सगळ्या संस्कृतींनी सफरचंदाला सर्वश्रेष्ठ फळ ठरवलंय आणि म्हणींतूनच त्याचे गुण सांगून ठेवलेत. ‘रोज एक सफरचंद खा, डॉक्टरला लांब ठेवा’ ही हजारो वर्षांची म्हण. कापल्यावर ते तपकिरी पडतं ते त्यातल्या लोहामुळे. ‘सफरचंद झाडापासून लांब पडत नाही’, म्हणून चांगल्या फळाचं बी कुंडीत लावा, तसंच फळ येईल. ‘एक नासकं सफरचंद टोपली नासवतं’ ही नुसती संगतीची उपमा, त्यामुळे नासका भाग कापून बाकीचं खुशाल खा. आणि शेवटी इशारा: सालीवर प्लास्टिकचा थर असतो.

यातली एकच म्हण जशीच्या तशी पाळण्यासारखी आहे, आणि नेमकी तीच मेसेजने उपमा म्हणून सोडून दिलीय.

डॉक्टरची म्हण प्राचीन नाही. ती 1866 साली ब्रिटनमध्ये छापून आली, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायर भागातली म्हणून. तिचा अर्थ असा होता: झोपताना सफरचंद खा, डॉक्टरची भाकरी बंद होईल. आजचं सुटसुटीत रूप 19व्या शतकाच्या अखेरीचं. 2015 साली अमेरिकेत 8,399 प्रौढांच्या माहितीवरून कुणीतरी हे तपासूनही पाहिलं. (अभ्यास एप्रिल फूलच्या मुहूर्तावर छापला होता, आकडे मात्र खरे.) त्यातले 753 जण रोज सफरचंद खाणारे. शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरल्यावर डॉक्टरकडे जाण्यात दोन्ही गटांत फरक उरला नाही. रोज खाणाऱ्यांना डॉक्टरने लिहून दिलेली औषधं थोडी कमी लागत होती, एवढंच.

सफरचंद वाईट असं कुणी म्हणत नाही. सालीसकट खाल्लं तर चांगलंच. पण 100 ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व साधारण 5 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच पेरूत 200 च्या वर. तंतूही पेरूत जवळपास दुप्पट. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदांची पिशवी न्यायची रीत आहे, ती मानाची. पौष्टिकतेच्या हिशेबात पेरू पुढे जातो आणि पैसेही वाचतात.

लोहाचं लवकर आटपू. 100 ग्रॅम सफरचंदात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, आतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात, आणि फोड तपकिरी होते. चिरलेलं वांगं पाण्यात टाकतात तेही याचसाठी. शाळेच्या डब्यात फोडी द्यायच्या असतील तर लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून त्या 10 मिनिटं बुडवा आणि मग साध्या पाण्यातून काढा. दोन-तीन तास रंग टिकतो.

आता बी लावायचं प्रकरण. जर्मन आणि रशियन लोक ‘सफरचंद झाडापासून लांब पडत नाही’ म्हणतात ते माणसांबद्दल, आपण ‘खाण तशी माती’ म्हणतो तसं. बागेत ही म्हण चालत नाही. बहुतेक सफरचंदांना स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. त्यामुळे एका फळातल्या आठ बिया लावल्या तर आठ वेगळी झाडं उगवतात, आणि त्यांची फळं बहुधा लहान, आंबट नाहीतर तुरट निघतात. या बाबतीत इराणी म्हण जास्त जवळची: वर फेकलेलं सफरचंद खाली येईपर्यंत हजार गिरक्या घेतं.

म्हणूनच सफरचंद कलमाने वाढवतात. जगभरचं रेड डेलिशियस हे आयोवा राज्यात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात सापडलेल्या एकाच झाडाची कलमं. हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास तिथल्या कोटगडला तीच जात लावली. डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्षाचं कलम भरणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला कलम समजावून सांगायची गरज नाही.

पण कलम आणलं तरी जात बघून आणा. रेड डेलिशियसला फुलोऱ्यासाठी 7 अंशांखालचे साधारण 800 ते 1000 तास लागतात. निफाडला एखाद्या पहाटे पारा 5 अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दहा-अकराला ऊन चढतं आणि तासांची बेरीज होतच नाही. झाडाला पाला येतो, फूल येत नाही. लावायचंच असेल तर कमी थंडीत फुलणारी एचआरएमएन-99 ही जात लावा.

आणि नासकं सफरचंद. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 च्या आपल्या पंचांगात ही म्हण छापली. आपल्याकडे ‘एक नासका आंबा अढी नासवतो’ आहेच. ही उपमा नंतरची, आधी ती साठवणीची सूचना. पिकलेलं किंवा मार लागलेलं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याने शेजारची फळं लवकर पिकतात आणि मऊ पडतात. मग निळसर बुरशीचे कण, देठाजवळची चीर किंवा नखाएवढी जखम दिसली की आत शिरतात. एका फळापासून सुरू झालेली सड अशी टोपलीभर होते.

म्हणून घरी आणल्याबरोबर फळं निवडा. डाग पडलेलं, ठेचलेलं वेगळं काढा आणि ते आधी संपवा. बाकीची भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पण कोथिंबीर-मेथीजवळ नको. इथिलीनने पाला पिवळा पडतो. याच वायूचा उपयोगही होतो. कडक चिकू कागदी पिशवीत एका पिकल्या सफरचंदासोबत ठेवले तर दोन-तीन दिवसांत मऊ येतात.

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हीच शिस्त. घड उलटा धरून फुटका, ओलसर मणी कात्रीने देठासकट काढतात, शेजारच्या मण्याला टोक न लागू देता. एक राहिला तरी करडी बुरशी शून्य अंशालाही हळूहळू पसरते, म्हणून पेटीत ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा, कागद घालतात.

नासका भाग कापून खाण्याबद्दल: निळी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते आणि मऊ सडीत ते दिसणाऱ्या डागाच्या पलीकडेही पोचतं. उकळल्याने ते पुरतं जात नाही, म्हणून जॅम-मुरंब्यालाही असं फळ नको. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला 50 मायक्रोग्रॅम आहे. नुसता मार लागलेला कोरडा तपकिरी डाग कापून चालतो. बुरशी दिसली, बोट आत गेलं, तर अख्खं फळ फेकायचं.

प्लास्टिकचा थर म्हणजे मेण. फळाचं स्वतःचं मेण धुताना निघतं म्हणून लाख, कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) किंवा मधमाशीचं मेण चढवतात. खाद्य दर्जाच्या अशा मेणाला परवानगी आहे. सुरीने खरवडल्यावर पांढरी पापुद्री निघते आणि काडी लावली की पेटते, म्हणून ती प्लास्टिक वाटते, पण मेणही पेटतंच. काळजी करायचीच तर सालीवरच्या कीटकनाशकांची करा. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून 12 ते 15 मिनिटं बुडवलं आणि चोळून धुतलं तर पृष्ठभागावरचं बरंचसं निघतं. सालीत मुरलेलं त्याने निघत नाही. ते सोलूनच जातं, आणि मग सालीतले तंतूही जातात.