उरलेल्यांचं काय होतं?

एमबीएला प्रवेश घेण्याआधी संस्था एकदा स्वतः जाऊन बघावी, असा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला त्यांपैकी एकानेही आपली संस्था आधी जाऊन बघितली नव्हती. पण सल्ला खरा होता. दोन वर्षं, त्या दोन वर्षांचा बुडणारा पगार आणि वर फी, एवढा ऐवज ज्यांच्या हवाली करायचा ती माणसं निदान डोळ्यांनी बघायला हवीत. नुसत्या माहितीपुस्तिकेवर विसंबण्यात अर्थ नव्हता. तिच्यातले सगळे विद्यार्थी हिरवळीवर बसून लॅपटॉपकडे बघत हसत होते. मी कित्येक वर्षं लॅपटॉपकडे बघतोय. त्यात हसण्यासारखं काही नसतं.

मला तिथे जाऊन एकच गोष्ट विचारायची होती. पदवीनंतर तीन महिन्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना नोकरी लागते, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं. उरलेल्यांचं काय होतं, ते कुठेच नव्हतं. आणि माणसाने आपण ज्या गटात जाण्याची शक्यता जास्त, त्या गटाची चौकशी आधी करावी.

दारातच माझ्या छातीवर ‘भावी विद्यार्थी’ अशी चिठ्ठी चिकटवण्यात आली. अर्ज अजून भरलेला नव्हता, पण त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. मग आम्हा दहाबारा भावी लोकांना एका स्टुडंट अँबॅसडरच्या ताब्यात दिलं. ही मुलगी आमच्याकडे तोंड करून, उलटी चालत, अखंड बोलत होती. वळणं, पायऱ्या, काचेची दारं, कशाकडेही वळून न बघता ती बिनचूक पार करत होती. पुढे काय आहे हे न बघता पूर्ण खात्रीने पुढे जाण्याची ही विद्या अभ्यासक्रमात शिकवतात की निवडीच्या वेळीच बघून घेतात, कोण जाणे.

इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीला कुणा ना कुणा दात्याचं नाव होतं. एका दात्याच्या जिन्याने चढून आम्ही दुसऱ्याच्या व्हरांड्यात आलो आणि तिसऱ्याच्या बाकावर टेकलो. रीत तशी जुनीच. जोसेफ व्हार्टन नावाच्या उद्योगपतीने १८८१ साली एक लाख डॉलर देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्यवसायशिक्षणाची शाळा काढली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण त्याने निदान अख्खी शाळा दिली होती. इथे एका बाकावर तीन नावं होती.

बाकासमोरच्या भिंतीवर क्रमवाऱ्यांच्या चौकटी होत्या. एका यादीत ही संस्था पहिल्या पन्नासांत होती, एकीत विभागात पहिली, एकीत ‘सर्वाधिक प्रगती’साठी गौरवलेली, म्हणजे त्याआधी बरीच खाली असणार. शेजारी एएसीएसबी, इक्विस आणि अँबा या तिन्ही मान्यता झळकत होत्या. या तिन्ही असल्या की त्याला ‘तिहेरी मुकुट’ म्हणतात. हे सांगताना आमच्या मार्गदर्शक मुलीचा आवाज भरून आला. मी तेवढ्यात विचारून घेतलं, “उरलेल्यांचं काय होतं?”

“फारच छान प्रश्न आहे, सर,” ती म्हणाली. “करिअर ऑफिसमध्ये नक्की विचारा.”

त्याआधी वर्ग बघायचा होता. वर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा, उतरत्या पायऱ्यांचा, प्रत्येकापुढे नावाची पाटी. कुणालाही कुणाच्या मागे लपता येऊ नये अशी सोय. केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची लिहून काढलेली हकीकत, शिकवायला असाच वर्ग लागतो म्हणे. हार्वर्डने १९२१ साली पहिली केस लिहून घेतली तेव्हा ती एका बूट कंपनीबद्दल होती आणि पानभरात आटोपली होती. आता पंधरावीस पानं आणि मागे परिशिष्टं. सुरुवातीला मात्र बहुतेक ठिकाणी एक वरिष्ठ अधिकारी विचारमग्न होऊन खिडकीबाहेर बघत उभा असतो. या लोकांना खिडकीकडे पाठ करून बसवलं असतं, तर बऱ्याच कंपन्यांवर ही वेळच आली नसती.

वर्गात बोलण्याला गुण असतात, काही ठिकाणी तर निम्मे. त्यामुळे प्राध्यापकांनी “सुप्रभात” म्हटल्याबरोबर तीसचाळीस हात वर गेले. “मला आधीच्या मुद्द्यात थोडी भर घालायची आहे,” असं म्हणून प्रत्येक जण आधीचाच मुद्दा जरा मोठ्या आवाजात मांडत होता. विक्री आणि उत्पादन या दोन विभागांचं पटत नाही, एवढीच खरं तर गोष्ट होती. मध्येच प्राध्यापकांची नजर माझ्या चिठ्ठीवर पडली. “आपल्याकडे आज पाहुणे आहेत. तुम्ही काय कराल?”

“आमच्याकडे असं झालं की मीटिंग लावतात,” मी म्हणालो.

वर्ग शांत झाला. प्राध्यापकांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंट’. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. माझ्या डाव्या हाताच्या मुलीने त्याखाली दोन रेघा मारल्या. आमच्या त्या मीटिंगमधून आजवर काहीही निष्पन्न झालेलं नाही, हे सांगायला मी हात वर केला, पण तोवर माझ्या मुद्द्यात भर घालायला पंचवीस जण पुढे आले होते.

करिअर ऑफिसमधल्या बाई अतिशय प्रसन्न होत्या. त्यांनी माझा प्रश्न ऐकून घेतला आणि एक तक्ता काढला. नव्वद टक्के म्हणजे सगळ्या बॅचचे नव्वद टक्के नव्हेत, तर नोकरी शोधणाऱ्यांचे. ज्यांना त्यांच्याच कंपनीने पैसे भरून पाठवलंय ते परत तिथेच जाणार, ते वगळायचे. स्वतःचा धंदा काढणारे वगळायचे. पुढे शिकणारे वगळायचे. ज्यांनी काही कळवलंच नाही तेही वगळायचे. हे सगळं त्यांनी न लपवता सांगितलं, आकडे सर्वत्र असेच मोजतात असंही सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, की नोकरी न मिळालेला माणूस काही दिवसांनी शोधायचं थांबवतो, किंवा कळवायचं तरी थांबवतोच. म्हणजे तो उरलेल्यांतूनही उरत नाही. टक्केवारी सुधारायला यासारखा दुसरा उपाय नाही.

“आणि हा पगाराचा आकडा?”

“तो मध्यक आहे. सरासरी नव्हे,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. शाळेत हे शिकलो होतो तेव्हा त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी पुन्हा माझ्या प्रश्नावर आलो. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. “संचालकांच्या सत्रात विचारा ना. छान प्रश्न आहे.” तिथे प्रश्न जितका अडचणीचा तितका छान असतो, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

संचालकांच्या सत्रात मला माइक मिळालाच नाही. प्रश्नोत्तरं चालू झाली की आपलेच भावी बंधुभगिनी उठून “मी सध्या मोठ्या टीमचं नेतृत्व करतो, मॅरेथॉन धावतो आणि एक स्वयंसेवी संस्था चालवतो, तर माझा प्रश्न असा” अशी सुरुवात करत. प्रश्न शेवटी एवढाच असे, की वसतिगृह कुठल्या बाजूला आहे.

बाहेर पडताना ग्रंथालयाच्या दाराशी एक मुलगा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होता. वर सूट, खाली घरातली चप्पल. दुसऱ्या वर्षाचा असावा. माझी चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “उरलेल्यांचं विचारणारे ते तुम्हीच ना, सर? मी उरणाऱ्यांपैकी आहे. विचारा.”

मी त्याच्याजवळ खुर्ची ओढली. त्याने सगळं खरं सांगितलं. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपनंतर कंपनीने ऑफर दिली नाही, आता मुलाखती चालू आहेत, रोज माजी विद्यार्थ्यांना मेल पाठवतो, दहातला एखादा उत्तर देतो, तोही शुभेच्छाच देतो. गेल्या बॅचमधले दोघे अजून याच प्रिंटरवर येतात. ऐकता ऐकता माझा निर्णय होत आला होता. एवढ्यात त्याने विचारलं, “तुम्ही सध्या कुठे आहात?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्याने कागद ओढायचं थांबवलं.

“तिथे एखादी जागा आहे, सर?”

“आत्ता नाही. होऊ शकते.”

“कधी?”

“मी इथे प्रवेश घेतला तर.”

तो ताडकन उठला, सूट नीट केला आणि माझ्या हातातली माहितीपुस्तिका घेऊन तिचं पहिलं पान उघडलं. “सर, मी मघाशी जरा निराश होतो, ते मनावर घेऊ नका. संस्था फार चांगली आहे. आणि पहिल्या फेरीची मुदत शुक्रवारी संपतेय.”