‘बुडबुडा दिसला की अँटिक’: पेपरवेटच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

काचेच्या पेपरवेटबद्दल एक मेसेज सारखा फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे जुनं पेपरवेट एका मिनिटात ओळखता येतं. आत बुडबुडे असले तर हाताने बनवलेलं आणि म्हणून जुनं, आत जे साल दिसतं त्याच साली बनलेलं, सही नसेल तर किंमत शून्य, जड असेल आणि बूड खरबरीत असेल तर शंभर वर्षांपूर्वीचं, यूव्ही टॉर्चखाली हिरवं चमकलं तर पक्कंच, आणि 1900 नंतरचं सगळं नुसतं शोभेचं. वर शेवटी सल्ला, मिठाच्या गरम पाण्यात भिजवून उन्हात ठेवा, झळाळी येते. यातलं जवळजवळ काहीच बरोबर नाही आणि शेवटचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. हे वाचून लोक चांगल्या वस्तू मोडीत काढतात आणि कालपरवाच्या मालाला भलतेच पैसे देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बुडबुड्यांपासून सुरू करू. हाताने बनवलेलं म्हणजे जुनं हे समीकरणच चुकीचं आहे, कारण चांगली पेपरवेट्स आजही भट्टीसमोर बसून हातानेच बनतात. आणि ज्या काळाला संग्राहक सुवर्णकाळ मानतात, साधारण 1845 ते 1860, त्या काळात फ्रान्समधल्या बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या तीन कारखान्यांची सगळी धडपड काच नितळ ठेवायची होती. रंगीत काचेच्या कांड्यांचे काप साच्यात उलटे मांडायचे, त्यावर तापलेल्या काचेचा गोळा टेकवून ते उचलायचे आणि मग वरून नितळ काचेचा घुमट चढवायचा, अशी ती पद्धत. यात कुठे हवा अडकली तर बुडबुडा राहतो, आणि तो तेव्हाही दोषच धरायचे. याउलट इंग्लंडमध्ये यॉर्कशायरकडे 19व्या शतकात बाटलीच्या हिरव्या काचेची उंच पेपरवेट्स बनायची, त्यांना डंप म्हणतात, त्यांच्यात बुडबुड्यांची फुलं मुद्दाम काढलेली असायची. आणि स्कॉटलंडच्या केथनेस ग्लासने 1969 मध्ये कॉलिन टेरिसच्या डिझाइनची ग्रहांची मालिका काढली, तिथून पुढच्या आधुनिक पेपरवेट्समध्ये तर बुडबुडा हाच नक्षीचा भाग झाला. म्हणजे बुडबुडा जुन्यातही सापडतो, नव्यातही सापडतो, चुकून येतो आणि मुद्दामही येतो. त्यावरून वय कसं काढणार?

आता सालाचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. सालाच्या कांड्या, म्हणजे ज्यांच्या कापात साल दिसतं त्या, खऱ्या असतात यात वाद नाही. व्हेनिसचा काच बनवणारा पिएत्रो बिगाल्या, त्याने 1845 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात मिलेफियोरी, म्हणजे रंगीत कांड्यांच्या कापांची नक्षी असलेली, पेपरवेट्स मांडली, त्याच्या काही कामांत त्याची आद्याक्षरं आणि साल आहे. सँ-लुईचं ‘एसएल’ 1845 पासून दिसतं, बाकाराचं ‘बी’ 1846 ते 1849 या सालांबरोबर येतं, त्यात 1848 सगळ्यात जास्त सापडतं आणि 1849 कमी. इथवर ठीक. पण कांडी म्हणजे काय ते बघा ना, जाड दांड्यात नक्षी किंवा आकडा रचायचा, तो तापवून ओढून लांबच लांब बारीक करायचा, मग त्याचे शेकडो काप पडतात, आणि ते काप डब्यात पडून राहतात. त्यामुळे साल फार तर कांडीचं, वस्तू नंतरही बनलेली असू शकते. त्यापुढची गंमत अमेरिकेची. न्यू इंग्लंडमधल्या पेपरवेट्सच्या एका गटात 1825 असं साल दिसतं, म्हणजे मिलेफियोरी पेपरवेट्स बाजारात यायच्या वीस वर्षं आधी! ते 1852 चे आकडे उलटसुलट लागलेत असंच अभ्यासक मानतात, कारण त्याच धाटणीच्या 1852 लिहिलेल्या वस्तूही आहेत. आणि 1848 लिहिलेली ती इंग्लिश मिलेफियोरी, कित्येक वर्षं लोक ती लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याची, खरंच 1848 ची म्हणून घेत होते, आता ती 20व्या शतकाच्या पूर्वार्धात बर्मिंगहॅमकडे बनलेली मानतात. आकडा अगदी स्पष्ट, वस्तू मात्र सत्तर-ऐंशी वर्षांनी तरुण.

म्हणून साल दिसलं की उत्साहात येण्याआधी आजूबाजूच्या कांड्या बघा. भिंग घ्या, दहापट पुरेसं आहे. बाकाराच्या जुन्या साल-कांडीत प्रत्येक आकडा पांढऱ्या बारीक दांडीत वेगवेगळ्या रंगात असतो, शेजारी बाण, तारे, आणि घोडा, कोंबडा, कुत्रा, माकड अशा छायाकृती सापडतात. क्लिशीचा गुलाब, म्हणजे गुलाबासारखी दिसणारी कांडी, प्रसिद्ध आहे पण त्याच्या नकला इतक्या झाल्यात की एकट्या गुलाबावरून निकाल देऊ नये. ओळखीच्या चार-पाच कांड्या एकाच वस्तूत, योग्य काचेत, योग्य घडणीच्या बुडासकट दिसल्या तर मग बोलायला आधार मिळतो. संग्रहालयांच्या वेबसाइटवर मोठे फोटो असतात, कॉर्निंग म्यूझियम ऑफ ग्लास आहे, विस्कॉन्सिनमधल्या नीना गावचं बर्गस्ट्रॉम-माहलर आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधला रुब्लॉफ यांचा संग्रह आहे. तासभर फोटो बघितलेत तरी डोळा तयार व्हायला लागतो.

सही नाही म्हणजे किंमत शून्य हे तर उलटंच. सुवर्णकाळातल्या बहुतेक पेपरवेट्सवर सहीच नाही. क्लिशीने साल घातलंच नाही आणि ‘सी’ ची कांडीही थोड्याच वस्तूंत. काचेत सरडे आणि फुलं असलेली जी पेपरवेट्स फ्रान्समधल्या पँटिन कारखान्याची मानतात, त्यांच्यावर तर सहीच नसते. उलट बुडावर ॲसिडने उठवलेला बाकाराचा गोल शिक्का दिसला तर ती वस्तू 20व्या शतकातली समजा. आणि सही असली तरी डोळे झाकून विश्वास नको, स्कॉटलंडच्या पॉल यसार्टच्या ‘पीवाय’ कांडीच्याही नकला निघाल्यात.

वजनाच्या दाव्यात तथ्य थोडं आहे पण ते अर्धवट सांगितलंय. शिसं घातलेली क्रिस्टल काच जड असते, पण बाकारा आणि सँ-लुई आजही क्रिस्टलच वापरतात, म्हणजे नवी वस्तूही तितकीच जड. शिवाय मोठी वस्तू जड लागणारच, हातात तोलून काही कळत नाही. बघायची ती घनता, आणि ती घरी काढता येते. डिजिटल काट्यावर पेपरवेटचं वजन घ्या, समजा 620 ग्रॅम. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि पेपरवेट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लटकवा. काटा 195 दाखवत असेल तर 620 भागिले 195, म्हणजे साधारण 3.18. साधी सोडा काच 2.5 च्या आसपास येते, त्यामुळे एवढा आकडा आला तर काचेत शिसं आहे असं समजायला हरकत नाही. क्लिशीची काच बाकारा, सँ-लुईपेक्षा थोडी हलकी भरते. 1930 च्या दशकात चीनमध्ये जुन्या अमेरिकन पेपरवेट्सच्या नकला बनल्या, त्या बहुतेक सोडा काचेच्या, किंचित पिवळट-हिरवट, त्या या एका हिशेबात बाजूला पडतात. पण इथेही आकडा फक्त नाही म्हणायला उपयोगी, हो म्हणायला पुरत नाही.

बूड खरबरीत असण्याचं म्हणाल तर बनवताना वस्तू ज्या लोखंडी दांडीवर धरतात तिची बुडाला राहिलेली खूण फ्रेंच कारखाने घासून गुळगुळीत करायचे, तुटकी खरबरीत खूण तशीच सोडलेली नंतरच्या स्वस्त मालातच जास्त दिसते. झीज बघायची असेल तर ती टेबलाला टेकणाऱ्या कडेवर, बारीक, सगळ्या दिशांना गेलेली हवी. एकाच दिशेच्या समांतर रेघा आणि तेही मधल्या खोलगट भागात, जिथे टेबल लागतच नाही, तर कुणीतरी सँडपेपर मारलाय.

यूव्ही टॉर्चवर फार वेळ घालवत नाही. हिरवी चमक काचेत काय मिसळलंय ते सांगते, मँगनीज असेल, युरेनियम असेल, वय सांगत नाही. खात्रीची वस्तू शेजारी ठेवून तुलना करायला टॉर्च चांगला, एकट्याचा उपयोग नाही.

आता ज्याने मला खरोखर वाईट वाटतं ते वाक्य, 1900 नंतरचं सगळं शोभेचं. अहो, ही कला मधल्या काळात जवळजवळ संपली होती! दुसऱ्या महायुद्धात बाकारा गावचं चर्च बॉम्बने पडलं, त्याच्या पायाच्या दगडात 1853 चं पेपरवेट सापडलं आणि कारखान्यात मिलेफियोरीची पुन्हा खटपट सुरू झाली. त्याच सुमाराला पॉल जोकेलसन या संग्राहकाने बाकारा आणि सँ-लुईच्या मागे लागून पेपरवेट्स परत बनवायला लावली आणि 1953 मध्ये संग्राहकांची संघटना काढली. जुन्या कृती हरवलेल्या होत्या, लोकांनी एकेक रंग, एकेक कांडी प्रयोग करकरून परत शोधली. यसार्ट 1930 च्या दशकापासून स्कॉटलंडमध्ये काम करत होता, अमेरिकेत चार्ल्स कॅझियनने 1940 च्या दशकात एकट्याने हे तंत्र बसवलं. आणि न्यू जर्सीचा पॉल स्टँकार्ड, जो आधी प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवायचा, त्याच्या पेपरवेटमधली रानफुलं, मुळं, मधमाश्या एकदा भिंगातून बघा आणि मग सांगा हे नुसतं शोभेचं आहे का. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी त्याचं काम घेतलंय ते उगाच नाही.

आणि तो मिठाच्या गरम पाण्याचा सल्ला. पेपरवेट म्हणजे जाड भरीव काच, गरम पाण्यात टाकलं की बाहेरचा थर फुगतो, आतला थंडच, ताण पडतो आणि तडा जातो, आणि आत वेगवेगळ्या रंगांच्या काचा असल्याने तो कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. तो तडा दुरुस्त होत नाही. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ कापड, खाली टॉवेल, बास. मीठ कशालाच नको.

उन्हात तर ठेवूच नका. तो घुमट म्हणजे भिंगच आहे, सूर्याचा प्रकाश तो खाली किंवा मागे एका ठिपक्यात गोळा करतो, तिथे कागद, पडदा, टेबलाचं लाकूड काहीही असेल तर जळतं, आणि अशा काचेच्या गोळ्यांमुळे खरंच आगी लागल्यात. ऊन हिवाळ्यात तिरपं होऊन खोलीत आणखी आत येतं, उन्हाळ्यात सुरक्षित वाटलेली जागा तेव्हा सुरक्षित नसते. खिडकीत पेपरवेट ठेवलं असेल तर आजच उचला, थेट ऊन कधीच पोचणार नाही अशा कपाटात ठेवा, आणि उजेड हवाच असेल तर एलईडी लावा, हॅलोजन नको, तो तापतो.