सगळ्यांचाच फेस कॅमेरा-फ्रेंडली

आता बास झालं राव. "तुमच्या मुलीचा फेस एकदम कॅमेरा-फ्रेंडली आहे" असं ॲक्टिंग क्लासवाले म्हणाले, आमची ही पाघळली (खोटं कशाला बोलू, मी पण) आणि 45 हजार भरून मोकळे. नंतर कळलं, त्या दिवशी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या हॉलमधल्या झाडून सगळ्या पोरांचा फेस कॅमेरा-फ्रेंडली निघाला होता, शेंबूड गळणाऱ्यांचासुद्धा!

शिकवलं काय? तर झाड व्हा. सहा महिने पोरगी झाडच आहे. पोर्टफोलिओचे 12 हजार वेगळे आणि फोटो कुठं काढले, तर रंकाळ्यावर, ते मी भेळ खात खात मोबाईलवर फुकटात काढले असते की! मग ऑडिशनची फी, ड्रेसची फी, सर्टिफिकेटची फी. अरे, काम देणारा पैसे मागतो काय कधी? बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं बँकेत ठेवायचे असा 2017 पासून नियम आहे, इथं कमाई राहिली बाजूला, आमचीच एफडी मोडली.

रिफंड मागितला तर म्हणे फॉर्मच्या मागं 'नॉन-रिफंडेबल' लिहिलंय. लिहिलंय की, मुंगीला चष्मा लागंल एवढं बारीक. वर म्हणे पोरीचंच पोटेन्शियल कमी पडलं! सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात येऊन आम्हाला खुळं समजलाय काय?

काल ग्राहक हेल्पलाईनला, 1915 ला फोन लावला. आज सकाळी क्लासच्या मॅडमचा गोड मेसेज, "ॲडव्हान्स बॅचला तुमच्यासाठी खास डिस्काउंट."