नळीने म्हणे सैल पडतं!

जुळे सोलापुरात मावशीकडे गेले, तर तिने चहाआधी मोबाइलच पुढे केला. "वाच की हे. मी काय ती तपासणी करणार नाही बघ." तिचा शौचावरचा ताबा सुटतो, म्हणून डॉक्टरांनी मॅनोमेट्रीची (नळी घालून गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी) चिठ्ठी देऊन तीन आठवडे झाले होते. मावशी दोन वर्षं गड्ड्याच्या जत्रेला गेलेली नाही. लग्नाकार्यात गेली तर आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवते. तिला डॉक्टरपर्यंत न्यायला आम्हाला वर्ष लागलं, आणि तिच्या जावेने पाठवलेल्या एका फॉरवर्डने सगळं पाण्यात.

"शौचावर ताबा नसणाऱ्यांनो सावधान" असं मथळ्यात. खाली काय, तर भूल देऊन पोटापर्यंत नळी घालतात. नळीने आणि फुग्याने जागा कायमची सैल पडते. हे वयाने होतंच, तपासून उपयोग नाही. पाणी-जेवण कमी करा, जुलाब थांबवायची गोळी घ्या. आणि हा सगळा पैसे काढायचा धंदा.

सैल पडण्याचंच आधी घेते, कारण मावशी त्यालाच घाबरली. ही नळी बारीक, लवचिक असते, जेली लावून गुदद्वारातून काही सेंटीमीटरच आत सरकवतात. रोज त्या वाटेने जे बाहेर पडतं ते हिच्यापेक्षा कितीतरी जाड असतं. त्याने साठ वर्षांत सैल पडलं नाही, ते अर्ध्या तासात नळीने पडणार?

भूल तर देतच नाहीत, आणि देऊन चालणारही नाही. डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून झोपवतात. मग सांगतात: आता स्वस्थ पडा, आता आवळून धरा, खोका, शौचाला बसल्यासारखा जोर लावा. भूल दिली तर आवळणार कोण? नळीवरचे सेन्सर तेवढ्या वेळात स्नायूंचा दाब मोजतात. टोकाचा लहान फुगा हळूहळू फुगवतात आणि पहिल्यांदा कधी जाणवलं, घाई कधी झाली, हे तुम्ही सांगायचं. बऱ्याच ठिकाणी शेवटी फुग्यात साधारण ५० मिली पाणी भरून तो संडासात जाऊन बाहेर टाकायला सांगतात. अवघडल्यासारखं होतं, लाजही वाटते, ते नाकारत नाही. पण उठून घरी येऊन जेवता येतं. लिटरभर औषध पिऊन पोट साफ करणं, गुंगी देणं हे कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघण्याचं; मेसेजवाल्याने दोन्हीची खिचडी केलीय. इथे बहुतेक वेळा आधी एक छोटा एनिमा पुरतो. मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी कशा घ्यायच्या आणि रबराची अॅलर्जी असेल तर ती, एवढं आधी बोलून घ्यायचं. गुदद्वाराला चीर पडून ठणकत असेल तर तेही. मग तपासणी पुढे ढकलतात.

गोळीचा सल्ला मात्र घातक आहे. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा आत घट्ट मळाचा खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. घरच्यांना वाटतं जुलाब. त्यावर जुलाब थांबवायची गोळी आणि पाणी बंद, म्हणजे खडा आणखी घट्ट.

वयाचं म्हणाल तर मावशीची तीनही बाळंतपणं घरी झाली, पहिल्यात फाटलं तेव्हा टाके पडलेच नाहीत. वर वीस वर्षं साखर, ज्याने नसा मंदावतात. यातलं नडतंय काय, स्नायू की संवेदना, हे वयाच्या दाखल्यावरून कसं कळणार? ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की ताबा जाणं हा आजार नव्हे, लक्षण आहे, कारण शोधा.

पैशाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे मला त्याच मार्गदर्शिकेमुळे कबूल करावं लागतं. आल्या आल्या प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. आधी आहार, शौचाची वेळ, चालू औषधं पाहायची (मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही काहींना पातळ होतं), त्याने भागलं नाही तर तपासणी. मावशीचं ते सगळं चार महिने करून झालंय. गोळी बदलली, भाकरी-भाजीचं प्रमाण बदललं, फरक पडला तो अर्धाच. निकालावरून स्नायूंचे व्यायाम कसे शिकवायचे, बायोफीडबॅक (स्नायूंचा दाब पडद्यावर बघत ते आवळायला-सोडायला शिकणं) उपयोगी पडेल का, हे ठरेल.

हे सगळं सांगून झाल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "खोलीत बाईमाणूस असेल का?" मेसेजमध्ये हा प्रश्नच नव्हता. तिथूनच फोन लावला. सिस्टर असतात म्हणाले. मंगळवारी अकराची वेळ मिळालीय.