‘नैसर्गिक कधी बाधत नाही’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली होती, पण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बिअर्ड ऑईलमध्ये काय काय असतं या माझ्या लेखाखाली ह्यांनी लिहिलंय की मिनरल ऑईलची, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलाची, बाजू घेतो म्हणजे मी कंपनीचे पैसे खाल्लेत, मी काय डॉक्टर लागून गेलोय का, जोजोबा-अर्गनसारखी महाग तेलं आपल्याकडं कुणाला परवडतात, आणि शेवटी "नैसर्गिक असेल ते कधी कुणाला बाधत नाही, आमच्या घरात तीन पिढ्या खोबरेलच". सोबत स्वतःच्या 'शंभर टक्के नॅचरल' बाटलीचा फोटो.

परवडण्याचं मान्य. स्वस्त पर्याय लेखात द्यायला हवे होते, देतो.

पण पैसे खाल्ले? विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं की कुठल्या कंपनीचा एक रुपया घेतलेला नाही, पण तुम्ही विचारलंच नाही, डायरेक्ट आरोप. आमचं नवी पेठेत कटलरी-कॉस्मेटिकचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच, खोकी फोडायची, माल लावायचा, आणि कुठल्या क्रीमनं कुणाचं तोंड सुजलं हे गिऱ्हाईक परत येऊन वडिलांना सांगायचं ते ऐकत मोठा झालोय. बाटली उलटी करून मागचं वाचायची सवय तिथली आहे. मला कुणी शिकवून पाठवलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. नैसर्गिक बाधत नाही? अहो, बिब्बा काय चिंचोळी एमआयडीसीत बनतो का? झाडावरच येतो ना? त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं, पूर्वी परीट लोक कपड्यावर खूण करायला बिब्बा वापरायचे आणि त्या खुणेनंसुद्धा काहींच्या अंगावर पुरळ उठायचं. त्यामुळं झाडातून आलं म्हणून सुरक्षित हे डोक्यातून काढाच.

आणि हे माझ्या स्वतःच्या तोंडावर झालेलं आहे. टी ट्री आणि लिंबाचं तेल घातलेलं एक हर्बल बिअर्ड ऑईल मी मोठ्या हौसेनं आणलेलं, बाटली खिडकीत, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू. जबडा लालभडक, खाज, रात्रीची झोप गेली. स्किनच्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं तर ते तेल बंद. लिंबाच्या तेलात लिमोनीन असतं, लॅव्हेंडरमध्ये लिनालूल, दोन्ही पूर्ण नैसर्गिक, पण हवा लागून ती ऑक्सिडाइझ झाली की ॲलर्जी करायला लागतात. म्हणूनच युरोपात जे तेल-क्रीम धुवून टाकायचं नसतं त्यात ही ०.००१ टक्क्याच्या वर असली की लेबलवर नाव छापावंच लागतं. तुम्हाला चाललं असेल, आनंद आहे. "कुणाला बाधत नाही" हे तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय?

खोबरेलाचंही तेच. केसांसाठी चांगलं तेल आहे, मी पण डोक्याला लावतो. पण ज्यांच्या दाढीत कोंडा होतो त्यांच्या कातडीवर मलासेझिया नावाचं यीस्ट जोर धरतं, ते तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगतं, आणि खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड हे फॅटी ॲसिडच, म्हणजे त्याला चालणारंच खाणं. अशा माणसानं तीन पिढ्यांचं ऐकून खोबरेल चोपडत बसायचं का? मिनरल ऑईलमध्ये फॅटी ॲसिडच नसतं. त्यानं पोषण होत नाही, ओलावा धरून ठेवतं एवढंच, आणि लेखात तेवढंच लिहिलंय, परत वाचा.

डॉक्टर नाही. घटक वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. जे जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, एक टक्का किंवा कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमानं. त्यामुळं पुढं मोठ्या अक्षरात अर्गन आणि मागं अर्गनचं नाव परफ्यूमच्याही नंतर, असं दिसलं तर तुम्ही बहुतेक दुसऱ्याच तेलाचे पैसे मोजलेत. आणि नवीन काहीही आणलं, नॅचरल असो नाहीतर नसो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघा, मग दाढीला.

कमेंट मी डिलीट करणार नाही, राहू दे. फक्त तुमच्या त्या बाटलीचा पुढचा फोटो टाकलाय, तसा मागचा पण टाका, घटक दिसतील असा.